मंदाने बापाला दिलेला निरोप

मंडळी, जीभ तर देवाने सर्वांना एकाच मातीची दिली. मग वर्गात एकाची जीभ चुरूचुरू चालते आणि दुसऱ्याची टाळ्याला चिकटते, हे कोणाचे करणे? देवाचे, नशिबाचे, की आपले? मागच्या बायकांनो, लग्नाच्या याद्या घरी करा. आता कान कीर्तनाकडे द्या.

एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागे, पत्रागल्ली. घरोघर पत्र्याच्या पेट्या घडतात. दिवसभर हातोडा — ठण, ठण, ठण. तिथे मीठ मागायचे तरी ओरडून. आईने लाडाने हाक मारली तरी परक्याला वाटावे, भांडण जुंपले. त्या गल्लीत धोंडीराम पेटीवाल्याची मंदा वाढली. दहावीला पोचली. गणित म्हणजे तिचा जीव की प्राण.

खासनीस गुरुजींनी प्रश्न विचारला. मंदाला उत्तर येत होते. दिले — गल्लीत देतात त्याच आवाजात. वर्ग दचकला, मग हसला. गुरुजी म्हणाले, "अगं, हा वर्ग आहे, आठवडी बाजार नव्हे." पोरीला कळेना, उत्तर चुकले की काय? बरोबर होते हो. पण 'बरोबर' म्हणाले कोण?

पुढच्या वेळी ती हळू बोलायला गेली. हळू बोलणे तिला शिकवले होते कोणी? आवाज मधेच चिरकला. पुन्हा हशा. तेव्हापासून हात अर्धा वर जाई, बोटे आपोआप मिटत. शंका आली, गिळली. एक शंका गिळली की पुढचा धडा घशाखाली उतरत नाही, मंडळी. सहामाहीत मंदा गणितात नापास. गुरुजी म्हणाले, "नाव मंदा, बुद्धीही मंदच." आणि संध्याकाळी निघाले पत्रागल्लीत, बापाला सांगायला — हिला यंदा परीक्षेला बसवू नका, शाळेचा निकाल खाली येतो.

दारात उभे राहून गुरुजी बोलू लागले. ठण, ठण.

"काय म्हनता, गुर्जी?" मंदाची आई ओरडली. "जरा मोट्यानं बोला की. जेवला न्हाई का?"

गुरुजींनी घसा ताणला. आवाज चिरकला. अख्खा वर्ग गप्प करणारा तो आवाज, तिथे उंबराही ओलांडीना. शेवटी ते मंदाच्या कानाशी वाकले. "तूच सांग वडिलांना."

काय वाटले असेल त्या पोरीला? पण गुरुजींची आज्ञा. तिने श्वास भरला.

"बा, गुरुजी म्हणत्यात, मला परीक्षेला बसवू नका. मला काही येत न्हाई."

हातोडा थांबला. शेजारचा थांबला. गल्ली चिडीचूप.

धोंडीरामने मान वर केली. "तुला येत न्हाई?"

मंदाने गुरुजींकडे पाहिले, मग बापाकडे. "येतंय, बा."

"मग गुर्जी, हितंच इचारा."

गुरुजींनी त्रिकोणाचे प्रमेय विचारले. समोर कोरा पत्रा पडला होता. तिने त्यावर खडूने आकृती काढली आणि प्रमेय सिद्ध करून दाखवले, खणखणीत आवाजात. कोणी हसले नाही. गुरुजींनी वाकून पत्र्यावरची एकेक पायरी तपासली. म्हणाले, "बसवा परीक्षेला."

बसली. पास झाली. टाळ्या आवरा. पास झाली ती काठावर. जी पोर पहिल्या रांगेत यायला हवी होती, ती काठावर का आली? महिनोन्महिने गिळलेल्या शंका एका संध्याकाळी कशा पचाव्यात? उरलेले गुण कोणी खाल्ले? गल्लीने आवाज मोठा केला, हे खरे. पण तो बंद केला हशाने.

आणि तो हशा शाळेतच राहतो, असे समजू नका. मघाशी आपल्या सेवेकऱ्यांनी खालच्या वस्तीतली मुले चपलांपाशी बसवली. म्हणे, गलका करतील. त्यांना आत घ्या. इथे, पुढे बसवा. त्यातल्या एकाने उठून मला प्रश्न विचारायचा आहे, ज्या आवाजात येईल त्या आवाजात. तोवर टाळ खाली ठेवा. मी थांबले आहे.