नसलेल्या स्क्रूबाबत

मी, वस्ताद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेकॅनिकची थोरली मुलगी, वय ३८ वर्षे, धंदा मोटारींच्या इंजिनांचे ट्यूनिंग, राहणार आमच्या गॅरेजच्याच माडीवर, आज सकाळी साडेनऊ वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की,

माझ्या वडिलांनी काल इथे दिलेला जबाब खोटा आहे. डॉक्टरांच्या गाडीला लागलेल्या आगीला ते नाही, मी जबाबदार आहे. वडिलांना कालपासून इथे बसवून ठेवले आहे. त्यांना सोडावे.

सदर डॉक्टर दातांचे आहेत. त्यांची गाडी टर्बोची आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, त्या दाबाला आम्ही बूस्ट म्हणतो. बूस्ट वाढवला की ताकद वाढते, पण अती झाले तर आतले इंधन नको तिथे आपोआप भडकते आणि पिस्टन फुटू शकतो. त्याला नॉकिंग म्हणतात. डॉक्टरांना रोज चढाच्या रस्त्याने दवाखान्यात जावे लागते. ते म्हणाले, "ताकद द्या, पण मला रस्त्यात उभं करू नका." मी हो म्हटले.

सोमवारी दुपारी गाडी गॅरेजमधल्या रोलरवर बांधून जागच्या जागी पळवली. बूस्ट, धुराचे तापमान, हवा-पेट्रोलचे प्रमाण, सगळे लॅपटॉपवर नोंदले जात होते. इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे गेले की नॉकिंगचा इशारा तीन वेळा आला. वडील एका नळीचे एक टोक इंजिनला व दुसरे कानाला लावून बसले होते. ते म्हणाले, "आत टिकटिक आहे. बूस्ट उतरव." मी म्हटले, "बाबा, नव्या पाइपचा क्लॅम्प हलतोय. सेन्सर तोच आवाज पकडतोय." ते म्हणाले, "मग क्लॅम्प काढून बघ ना, बाई. लॅपटॉपही तेच सांगतोय, मीही तेच सांगतोय. तू ऐकणारेस तरी कुणाचं?"

मागे एका गाडीत असा आवाज खरोखरच क्लॅम्पचा निघाला होता आणि तेव्हा वडील चुकले होते. ते मी त्यांना वर्षभर ऐकवत होते. या वेळी क्लॅम्प काढून पुन्हा बघायला वीस मिनिटे लागली असती. मी बघितले नाही. इशाऱ्याची मर्यादा वर नेली, इशारा गप्प झाला, गाडी दिली. नॉकिंग झाले की बूस्ट आपोआप उतरावा अशी सोय मीच बसवली होती. तीही त्यामुळे बंद पडल्यासारखी झाली.

गुरुवारी सकाळी चढावर पिस्टन फुटला, तेल तापलेल्या टर्बोवर उडाले आणि गाडी पेटली. डॉक्टर बाहेर पडले, पण त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटे पूर्वीसारखी वळतील की नाही, हे अजून सांगता येत नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने मला बसायला खुर्ची दिली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बूस्ट वाढवण्याचा स्क्रू आपण गुपचूप आवळला, असे वडिलांनी जबाबात सांगितले आहे. त्यांच्या काळच्या गाड्यांना तसा स्क्रू असे. या गाडीला तो नाहीच. इथे बूस्ट लॅपटॉपवरून ठरतो आणि त्याचा पासवर्ड वडिलांना माहीत नाही. माहीत असता तरी चष्मा शोधण्यातच त्यांची दुपार गेली असती. तज्ज्ञ बोलावून गाडी तपासावी.

काल घरातून निघताना ते म्हणाले होते, "माझं काय राहिलंय आता? तुझे हात चालते राहू देत." ते कुठे निघालेत हे मला तेव्हा कळले नाही. कळले असते तर दारातच अडवले असते.

लॅपटॉप सोबत आणला आहे. सोमवारच्या नोंदी आहेत तशा आहेत. मर्यादा बदलल्याची वेळ तीन वाजून बारा मिनिटे. वकील येईपर्यंत थांबा, असे मला इथे दोनदा सांगण्यात आले. मला थांबायचे नाही.

जबाब लिहून झाल्यावर जमादारांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. इशारा गप्प केल्याच्या वाक्यात त्यांनी भल्या मनाने "नजरचुकीने" असा शब्द घातला होता. तो मी खोडायला लावला आहे. नजर नीट होती. वडिलांचे ऐकायचे नव्हते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.