खुनी कोण ते सांगू नका हो!

नाही नाही, तुम्हीच सांगा, माणसानं रहस्यकथा लिहायची ती कशासाठी? शेवटपर्यंत कोणाला काही कळू नये म्हणूनच ना? मग! साठी उलटल्यावर, एका डोळ्यात मोतीबिंदू, मानेला पट्टा, अशा अवस्थेत मी दोनशे आठ पानांची रहस्यकादंबरी लिहितो, आणि खुनी साऱ्या गावाला ठाऊक! दूधवाल्याला ठाऊक, इस्त्रीवाल्याला ठाऊक... मग रहस्य उरलं कुठे?

आता पहिली चूक माझी, ते कबूल. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टिपण्या लिहिल्या मी. नळाला पाणी येत नाही, लिही टिपणी. पाणी यायला लागलं, लिही टिपणी! आणि टिपणीचा नियम काय? साहेबाला वेळ नसतो, तेव्हा जे काय सांगायचंय ते वर, पहिल्या ओळीत. हाताला वळणच पडलेलं! निवृत्त झालो, कोरा कागद ओढला आणि झरझर लिहून मोकळा झालो... "विषय : आत्याबाईंचा खून घड्याळवाल्याने केल्याबाबत. संदर्भ : प्रकरण एकोणीस." आणि खाली कादंबरी सुरू! "उपरोक्त विषयास अनुसरून आत्याबाईंनी दार उघडले."

बायकोनं पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. "अहो, कळलं की! पुढचं कशाला वाचू?"

झोंबलं हो! पण बाई बरोबर बोलत होती. विषय खोडला, संदर्भ खोडला, दीड वर्ष खपून सगळी कादंबरी नव्यानं लिहिली. काय बांधली होती म्हणून सांगू! श्रीमंत आत्याबाई, आतून बंद खोली, पाच भाचे, एक डॉक्टर. संशय सगळा डॉक्टरवर. आणि घड्याळवाला बिचारा महिन्यातून एकदा येणार, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणार, खाली मान घालून जाणार. यानंच काटे मागे फिरवलेत हे कोणाच्या बापाला कळू नये, अशी चोख व्यवस्था! एकोणिसावं प्रकरण लिहिताना माझा मलाच घाम फुटला होता.

बायकोला म्हटलं, आता वाच. वाचली. डोळ्यांत पाणी आलं हो तिच्या! आणि उठली ती थेट फोनकडे, मेहुणीला लावला. "अगं ताई, यांनी इतकी छान लिहिलीय, इतकी छान! शेवटपर्यंत कळतच नाही की घड्याळवाल्यानं मारलंय!"

मी खुर्चीतून उठेपर्यंत खेळ खलास. मेहुणी म्हणजे गावचा लाउडस्पीकर. संध्याकाळी भाजीवाला मला विचारतोय, "काका, पण घड्याळवाल्याचं आत्याबाईंशी वैर काय?" घ्या! मग रहस्य उरलं कुठे?

म्हटलं जाऊ दे, गावाबाहेरही वाचक असतात. प्रकाशक मिळाला. मुखपृष्ठ आलं. उघडून बघतो तर काय... हा एवढा थोरला घड्याळवाला! डोळ्याला भिंग, हाताला रक्त, मागे लोंबकळतंय घड्याळ! चित्रकाराला गाठला. म्हटलं, "अहो, हा खुनी आहे!" तर तो शांतपणे म्हणतो, "म्हणून तर मोठा काढलाय." वर मला शिकवतो, "लोकांना कळायला नको का, पुस्तक कशावर आहे?" आता या माणसाशी बोलायचं काय? भिंतीवर डोकं आपटायचं तर मानेला पट्टा!

प्रकाशन समारंभाला पाहुणे कोण, तर निवृत्त मुख्याध्यापक. मी आधीच हात जोडले, "सर, खुनी कोण ते सांगू नका हो!" म्हणाले, "मला काय खुळा समजता?" आणि माइकसमोर उभे राहून घसा खाकरून म्हणतात, "शेवट मी सांगणार नाही! फक्त इतकंच सांगतो, की खून घरातल्या कोणी केलेला नाही, डॉक्टरनंही केलेला नाही, आणि त्या घरात बाहेरून येणारा माणूस एकच आहे." टाळ्या! सभागृहात टाळ्या! मी हसतोय, फोटो निघतोय, आणि आतून नुसता जळतोय. मग रहस्य उरलं कुठे?

मला बक्षीस नको होतं हो. नाव नको होतं. एक माणूस हवा होता, फक्त एक, जो शेवटचं पान उलटेपर्यंत धडधडत बसेल. एवढं मागणं जास्त आहे का?

आणि देवाला दया आली. आमच्या खालच्या मजल्यावर एक कंपाउंडर राहतात. दोन महिने लेकीकडे होते, त्यांना कशाचा पत्ता नाही. आले, पुस्तक घेतलं, मुखपृष्ठ धड न बघताच वर जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. घड्याळवाला झाकला! रोज आठ पानं, चहानंतर. चौदाव्या दिवशी जिन्यात माझा हात धरला. "एकशे बारावं पान! घास उतरत नाही घशाखाली. तो डॉक्टरच ना? नको, नको, सांगू नका!"

तुम्हाला सांगतो, मला रडू आलं. तिथंच, जिन्यात.

पुढचे दिवस काय काढलेत, माझं मला माहीत! बायकोला जिन्यात एकटी सोडली नाही. मेहुणी येते म्हणाली, तिला सांगितलं घरात गोवर आहे. कंपाउंडर फिरायला निघाले की मी मागे. भाजीवाल्यानं तोंड उघडलं रे उघडलं की मी ओरडायचो, "वांगी कशी दिली?" घरी वांगीच वांगी!

शेवटी चोविसाव्या दिवशी दार वाजलं. कंपाउंडर! आत आले, मला मिठीच मारली. "जिंकलंत! काय शेवट! इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, एकेकाकडे बघतो, म्हणतो, 'मला सगळं समजलं आहे'... आणि संपलं! खुनी सांगितलाच नाही! वाचकावर सोडलंत! काय छाती आहे हो तुमची! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा."

मी गार. पुस्तक हातात घेतलं, मागून उघडलं. पान एकशे ब्याण्णव, आणि मग थेट पुठ्ठा! बाइंडर शेवटची सोळा पानं शिवायलाच विसरला होता. माझं एकोणिसावं प्रकरण, ते काटे, तो घाम... सगळं गायब!

तोंड उघडलं मी. आता सांगणार होतो, माझ्या तोंडानं. पण त्या माणसाचे डोळे बघितले, कसे चमकत होते! आजवर माझ्या लिखाणावर असे कोणाचे डोळे चमकले नव्हते. टिपणीवर तर नाहीच नाही.

म्हटलं, "हो... ते मुद्दामच ठेवलंय तसं."

ते गेले. मी प्रकाशकाला फोन लावला. म्हटलं, दुसरी आवृत्ती काढलीत तर शेवटची सोळा पानं छापूच नका. तो दचकला. "अहो, मग खुनी कोण ते लोकांना कळणार कसं?"

म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका, आमची मेहुणी आहे.