भिंगरीचे शर्ट आणि कावळा

अण्णाच्या दहाव्याला काय झालं, ते ऐका. अण्णा माझा थोरला भाऊ, माधवनगरला टेलर. पोपटी, केशरी कापडाचे मोठ्या कॉलरचे शर्ट शिवायचा आणि आत 'भिंगरी' अशी पट्टी लावायचा. साताऱ्याची कॉलेजची पोरंसुद्धा त्याच्याकडे यायला लागली होती. ऐन भरात असताना तापानं गेला.

आसपासची पोरं दहाव्याला तेच शर्ट घालून नदीवर आली. पिंडाला कावळा शिवेना. काका खेकसले, "रंगाला बुजतोय. शर्ट काढा रं!"

पोरं उघडी झाली, तरी कावळा झाडावरच. काकांनी हात जोडले, "तुझ्या आईला अंतर देत न्हाई, बाळा." तरी नाही.

मला राहवेना. मी ओरडलो, "अण्णा, भिंगरी बंद पडू देत न्हाई!"

कावळा झपकन खाली आला.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "आरं, तुला नुसती काज-बटणं येत्यात. कापड बेतणार कोण?"

मला रडूच फुटलं. तेवढ्यात एका पोरानं हातातला शर्ट माझ्या खांद्यावर टाकला. "ह्यो उसव, गड्या. अण्णानं कसा बेतलाय ते बघ, आन् मला परत जोडून दे."

आणि तो उघडाच सायकलवर बसून गेला.