शब्दावर बसवलेली माणसं

बुटीबोरीच्या बसमध्ये देवरावांच्या पुढच्याच सीटवर मायलेकी बसल्या होत्या. पोरगी अमेरिकेतल्या शिक्षणाच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पुटपुटत होती.

"गॅरुलस म्हणजे काय वं?" आईनं विचारलं.

"बडबड्या. त्याच्यावर मी मामाले बसवलं. माणूस आठवला का शब्द आठवते."

"अन् मघाचा, फ्रूगल?"

"काटकसरी. तिथं बाबा."

"सारंच घर बसवलं तं. मी कुठं आहो?"

देवरावांनी पेपर खाली घेतला.

"तू कोणत्याच शब्दात नाही बसत, आई."

"बसव ना वं एखाद्यावर. तिकडं गेल्यावर तेवढ्यानं तरी माझी आठवण येईन तुले."

"बरं, हा घे. मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाची."

"एवढा अवघड नको. तिथं रोज तोंडात येईन, असा पाह्य."