शेजारच्या आजीबाई

फुटबॉलच्या मैदानाबाहेर तिकिटांची रांग होती. परदेशात सहा वर्षं काढलेल्या नर्सच्या कानावर मागून मराठी पडलं. तिशीतली मुलगी आणि तिच्याकडे पाहुणे म्हणून आलेले वडील बोलत होते. वळून बघितलं तर दोघं गप्प होतील, म्हणून ती समोरच बघत राहिली.

“गावातल्या संघासाठी एवढी रांग? जिंकतात तरी का?”

“कुठले हो बाबा! यंदा सात सामने हरलेत.”

“मग दर शनिवारी कशाला येतेस? घरी मॅच लावली की तुझं डोकं दुखायचं.”

“पहिल्या वर्षी इथे माझ्याशी कुणी बोलायचं नाही. ऑफिस, खोली, परत ऑफिस. एकदा सहज आत शिरले. गोल झाला आणि शेजारच्या आजीबाईंनी मला गच्च मिठी मारली. मी रडायलाच लागले. त्यांना वाटलं, गोलच्या आनंदाने.”

“पहिल्या वर्षी? तेव्हा तर फोनवर मैत्रिणींचे किस्से सांगायचीस.”

“सांगायचे.”

“एकही नव्हती?”

“आईला कळलं असतं तर ती जेवली नसती.”

“आणि मी ते किस्से सगळ्यांना कौतुकाने ऐकवत सुटलो होतो.”

“बाबा, चला, रांग सरकली.”

“त्या बाई येतात अजून?”

“येतात ना. माझी जागा धरून ठेवतात.”

“मग मला त्यांच्या शेजारी बसव. आणि इथल्या भाषेत आभार कसे मानतात, ते आधी शिकव.”

मुलीने शब्द सांगितला. खिडकी येईपर्यंत वडील तो पुटपुटत राहिले, दर वेळी नव्याने चुकत.