घर डुलतं, पण का?

...नाही, डुलावं, माझं काही म्हणणं नाही, झोपाळ्यानं डुलावं, होडीनं डुलावं, पण घरानं? आणि तेही सरळ रस्त्यावर, वळण नाही, खड्डा नाही, मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलोय आणि मागं कपबश्या खुळखुळतायत, कपाटाचं दार उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय... तुम्हाला सांगतो, मोटरहोम घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या. चाकांवरचं घर, ओटा आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे. फक्त घेताना एक प्रश्न विचारा, जो मी विचारला नाही. डुलते का? आणि डुलत असेल तर, का डुलते?

आता मी ही घेतली कशासाठी? फिरायला? छे हो. शेजारी बसायला. हसू नका. मी जन्मभर कारखान्यात सकाळच्या पाळीला आणि आमची ही दवाखान्यात दुपारच्या पाळीला. मी घरात शिरायचो तेव्हा ही चपला घालत असायची. "भाजी झाकून ठेवलीय." "बरं." झालं! आमचा सगळा संसार उंबरठ्यावर झाला. दोघं निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता दुसरी कसली हौस नको. पुढं दोन खुर्च्या, एकीवर मी, एकीवर ही, समोर रस्ता, आणि राहिलेलं सगळं बोलून घ्यायचं.

तर पहिल्याच सफरीत बाजूनं एक ट्रक गेला. गेला म्हणजे कसा, आधी त्यानं आम्हाला ढकललं, मग ओढून घेतलं, मग दिलं सोडून, आणि आमचं घर आपलं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... हिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. पुढं थांबलो तिथं हिनं शांतपणे पर्स उचलली, खाली उतरली आणि म्हणाली, "मी बसनं येते. हिचं डुलणं थांबेपर्यंत मी हिच्यात पाऊल टाकणार नाही." 'थांबेपर्यंत' म्हणाली, 'कधीच' नाही म्हणाली, तेवढाच काय तो आधार. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून घरी आलो. फार वाईट वाटलं हो.

दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. पण माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट का होते ते कळल्याशिवाय मला घास गिळवत नाही. टेबलावर पाण्याचा वाडगा ठेवला, छताला दोरीनं चमचा टांगला आणि मेव्हण्याला म्हटलं, तू चालव, मी मागं बसून निरीक्षण करतो. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, जगात त्याला कळत नाही असं काही नाही, गाडी चालवता चालवता मान मागं वळवून मला म्हणतो, "भाऊजी, नाचता येईना अंगण वाकडं, गाडी डुलत नाही, तुम्ही डुलवता..." आणि तेवढ्यात बाजूनं एक बस गेली. वाडगा माझ्या मांडीत, चमचा माझ्या कपाळावर, आणि पुढून बारीक आवाज, "भाऊजी... ही डुलते हो." म्हटलं, अरे बाबा, ते मला माहीत आहे! पण का डुलते?

मग मेस्त्री झाला. आमचा मेस्त्री बोलतो कसा, तर प्रत्येक शब्द आधी गॅरेजमध्ये फिरवून आणतो. "शॉकॲब्सॉर्बर... बसलेत." बदलले. मी त्याच्याबरोबर गाडीखाली आडवा! काय रचना असते हो खाली, मी तर खूष. "टायरची हवा... कमी आहे." भरली, आणि आपल्याला घरीच बघता यावी म्हणून मी स्वतःचा पंप घेतला. "मागचे स्प्रिंगचे पाटे... दबतायत." त्यांच्यावर हवेच्या पिशव्या बसवल्या, आणि त्या नीट बघता याव्यात म्हणून मी एक मोठा जॅक घेतला, जॅकखाली ठेवायला लोखंडी फळ्या घेतल्या. मग डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांच्या धाकात ठेवणारी एक जाडजूड सळई आली, ती आवळायला पाने आले, काढलेले जुने शॉकॲब्सॉर्बर टाकवेनात, असू देत, डिकीत राहतील. आणि दर वेळी काय? थोडा गुण यायचा, चार दिवस बरं वाटायचं, आणि पुन्हा डुलायची. मेस्त्रीसुद्धा डोकं खाजवायला लागला. का डुलते?

शेवटी मी वजनकाट्यावर गेलो. पुढची चाकं काट्यावर, मागची खाली. काटेवाला ओरडतोय, "ओ, अर्धी गाडी बाहेर राहिली!" म्हटलं, राहू दे, मला अर्धीचंच वजन हवंय. "माल काय आहे?" माल नाही, घर आहे. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मीच माल. आणि काय सांगू तुम्हाला, पुढचा भाग हलका निघाला, नको इतका हलका! मग मागं जड काय होतं?

धावत घरी आलो. ही खिडकीशी बसली होती. फुटपट्टी घेतली, खाली दोन पेन्सिली ठेवल्या, म्हटलं, ही पुढची चाकं, ही मागची. आता मागच्या चाकांच्याही मागं, शेपटावर, खोडरबर ठेवून जरा दाब. दाबलं तिनं, पुढचं तोंड उचललं गेलं. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलेली, मग गाडी धरणार काय? तिला गंमत वाटली, तिनं पुन्हा दाबून बघितलं, आणि विचारलं, "मग आपल्या शेपटावर आहे काय एवढं?"

डिकी उघडली. तिनं एकेक बाहेर काढायला लावलं. हे काय? जॅक, डुलणं थांबवायला. हे? फळ्या, डुलणं थांबवायला. हे? पंप. पाने. जुने शॉकॲब्सॉर्बर. आणि सगळ्यात तळाशी, पहिल्या सफरीपासून बसलेला, कारखान्यानं निरोपाच्या वेळी दिलेला लोखंडी व्हाइस, म्हणजे काम करताना जिन्नस घट्ट आवळून धरणारा पकडा, मला एकट्याला उचलत नाही असला. सफरीला व्हाइस कशाला? अहो, वाटेत लागला तर!

ही त्या ढिगाकडे बघून म्हणाली, "म्हणजे औषधाच्या बाटल्यांनीच माणूस आजारी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मेस्त्री एक दुखणं काढायचा, मी त्याच्या जागी दुसरं आणून ठेवायचो. सगळं उतरवलं. जे लागतंच, ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, बाकाखाली, अगदी तळाला. आणि मी तिला म्हटलं, चल आता, बस. तर म्हणाली, "आधी मी चालवून बघते." चालवता येतं हो तिला, लग्नाआधीपासून येतं, मीच कधी विचारलं नव्हतं.

ट्रक आला. ढकललं, ओढलं, गेला. घरानं नुसती मान हलवली. कप नाही वाजला! आणि ही बोलायला लागली. रस्ताभर. उंबरठ्यावर राहून गेलेलं सगळं, दवाखान्यातलं, माहेरचं, माझ्याबद्दलचं, आणि मी शेजारी बसून ऐकतोय, डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

पुढच्या थांब्यावर म्हटलं, आता मी घेऊ का? "कशाला? छान चाललीय." त्याच्या पुढच्या थांब्यावर विचारलं, तर म्हणाली, "अहो, गाडी तुमच्या बाजूला जरा कलतेय, तुम्ही मागं बाकावर मधोमध बसता का? मी मोठ्यानं बोलते, ऐकू येईल."

बसलो. काय करणार? आणि हो, नाही डुलत आता... सगळं सामान अगदी जागच्या जागी लागलंय, माझ्यासकट.