पांढऱ्या कार्डाचे पिंजरे

छे छे, ती भेट पिशवीत ठेवा, वल्लरी मॅडम — मी घेनार न्हाय. माझी नोकरी संपली म्हनून निरोपाला आलात, बसा, चा घ्या — कमळ, चा ठेव गं! — पन ते नको. काय लिवलंय वर? ‘हिरामण, अठरा वर्षांत एकही चूक नाही’ — अरे द्येवा! लॅबात उंदरांच्या खोलीत पिंजरे धुतले, दानापानी केलं, खाडा न्हाय केला, व्हय. पन चूक?

तुमचं औषध लागू पडलं न्हाय म्हनून कंपनीनं गुंडाळलं — पाच वर्सं तुमची! उंदरांच्या पोटात जंत सोडायचे, निळ्या कार्डाच्या पिंजऱ्यांना औषध, पांढऱ्यांना नुसतं पानी, मंग सगल्यांची पोटं फाडून जंत मोजायचे. पांढऱ्यांत जास्ती निघाले तरच औषध खरं — तुमीच शिकवलंत, कळत न्हवतं असं न्हाय. पन ते पांढऱ्या कार्डाचे उंदीर पाठ वाकवून बसायचे — आमची जागृती तीन वर्सांची असताना अशीच बसायची, पोट फुगलेलं, डोळे माझ्यावर. माझ्या आईनं वावडिंग दुधात उकळून पाजलं, जंत पडले, पोर वाचली. मंग मी — कमळ, राहू दे चा — मी वावडिंगाची पूड घातली दान्यात. चिमूटभर. पांढऱ्यांनाच, निळ्यांना तुमचं होतंच की! मरनार ते होतेच, म्हाईत होतं. पन तवर तरी पोट दुखू नये.

एकदाच? न्हाय. तुमी चाचणी तीनदा केलीत, मी तीनदा घातली. तिसऱ्या खेपेला मोजनीचा कागद धरून तुमी रडलात — “हिरामण, दोन्हीकडं सारखेच!” — तवा डोक्यात उजेड पडला — माझ्या वावडिंगानं पांढऱ्यांचे पन जंत पडले. तवाच बोलायचं ना? भ्यालो. नोकरीला न्हाय — तुमी माझ्याकडं कशा बघाल, त्याला. आता दुपारी जरा अंग टाकलं का दिसतात, कोपऱ्यात पाठ वाकवून. आनि हल्ली त्यांच्या मागं पोरं दिसतात — कुनाची कोन जाने, सगल्यांची पोटं फुगलेली. तुमच्या औषधानं बरी झाली असती ती, मॅडम. माझ्यामुळं न्हाय झाली.

कागद द्या, सगलं लिवून देतो, सही करतो. परत करतील ना चाचणी? … मान का हलवता? एकदा बंद केलेली फाइल न्हाय उघडत? माझं लिवलेलं दाखवून पन न्हाय? … शिव्या घाला, मॅडम. न्हाय — खांद्यावर हात नका ठेवू. उठा. रेवस बंदरातली लाँच चुकंल. जा, जा म्हनतो ना!